अम्माची दूधबेटी

माझ्या नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या गावचा, तेही धड आठवत नाही. परभणीची ती दुपार मात्र जशीच्या तशी आहे. जेवण करून आडवा झालो की अजून कधीकधी ती येते. हवेत तरंगणारी कापसाची लव, लिंबाखालचा हिरवट उजेड आणि सुपात ज्वारी पाखडल्याचा आवाज. डोळे उघडल्यावर घटकाभर मला कळतच नाही, मी कोणत्या गावात आहे.

मी तेव्हा शहरच्या ठाण्यात फौजदार होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न अजून लोंबकळत होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा विरोधातली सभा. आमचा बहुतेक वेळ चौकात बंदोबस्ताला उभं राहण्यात जाई. त्यातच कापसाचा हंगाम. जिनिंगच्या गिरण्या सुरू झाल्या की लव उडत उडत थेट ठाण्यात शिरे आणि स्टेशन डायरीच्या पानावर बसे. ठाणे अंमलदार आधी फुंकर मारी, मग नोंद लिही.

अशाच एका दुपारी एक मुकादम फिर्याद घेऊन आला. पेडगावच्या बाजूला कालव्याचं काम चालू होतं. तेलंगणातून आलेल्या मजुरांची टोळी त्या कामावर होती आणि हा तिचा मुकादम. स्वच्छ पांढरं धोतर, बोटात जाड अंगठी. टोळीतल्या दोन बायकांना त्यानं सोबत आणलं होतं. त्या व्हरांड्यात खाली मान घालून उभ्या होत्या.

"साब, मेरी भांजी को उठाके ले गए," तो म्हणाला. "सगी भांजी है. शाम तक मेरे हाथ में होना."

पोर हरवलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. तिच्या अंगावर काय होतं, ती जेवली होती की नव्हती, हे ती आधी सांगतात. याला मात्र मुलगी कधी ताब्यात मिळेल याचीच घाई. माणूस मला आवडला नाही. पण न आवडण्याचं कलम कायद्यात नाही. मुलीच्या आई-बापाची नावं विचारून घेतली, फिर्याद नोंदवली आणि तपासाला लागलो.

खबर दिली ती रेल्वे स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं.

"सायेब, एक पोरगी पेडगावहून पॅसिंजरनं उतरली. नळापाशी बसून रडायली व्हती. तिची बोली कुणालाच कळंना. मंग अम्मा आली. ती तिच्या बोलीतच बोलाया लागली, अन् घेऊन गेली की आपल्या घरी!"

अम्मा म्हणजे शहरातल्या तृतीयपंथी मंडळींच्या घराची कर्ती. तृतीयपंथी हा शब्द आजचा. तेव्हा आमच्या तोंडी जो शब्द असे तो इथं लिहावासा वाटत नाही. अम्मा निजामाबादकडं वाढलेली. तेलुगू, दखनी आणि मराठी तिन्ही सारख्याच फर्ड्या. पॅसेंजरच्या डब्यांतून टाळ्या वाजवत फिरायची आणि कुणाकडे बाळ जन्मलं की चेल्यांना घेऊन बधाईला जायची. बाळाला आशीर्वाद द्यायला ती सगळ्यांना हवी असे. एरवी लोक रस्ता बदलत.

आमचे जमादार म्हणाले, "साहेब, संपलं. पोरीला नाचायला लावतील, नाहीतर विकून टाकतील."

मलाही तसंच वाटलं. झडतीला निघालो, तर पंच म्हणून त्या घरात पाऊल टाकायला गल्लीतलं कुणी तयार होईना. एकाला अचानक कणकण आली, दुसऱ्याला आठवलं की आपला उपवास आहे. शेवटी दोघांना जवळजवळ हाताला धरूनच नेलं.

दार ढकललं आणि बाहेरचा गलका एकदम मागे राहिला. मोठं अंगण, मध्ये लिंब, त्याच्या पानांतून गाळून आलेला उजेड. खुंटीला ढोलक टांगलेली. एका कोनाड्यात भवानीची तसबीर, दुसऱ्यात हिरवी चादर. साड्या नेसलेल्या चार-पाच जणी बधाईत मिळालेली ज्वारी पाखडत बसल्या होत्या. वरून कापसाची लव संथपणे उतरत होती, कुणाच्या केसांत, कुणाच्या सुपात. आपण कशासाठी आलो आहोत, ते मी क्षणभर विसरलोच.

जमादार मात्र विसरले नव्हते. अशा घरात पोलीस शिरले की ही मंडळी लुगडं वर करतात, अशी एक दहशत आपल्याकडं असते. जमादारांच्या मनात ती ठासून भरलेली. ते भिंतीकडं बघून झडती घेत होते. एकीनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला, तर "तहान नाही" असं त्यांनी भिंतीलाच सांगितलं.

"कोणती पोरगी म्हंता?" अम्मानं सूप खाली न ठेवता विचारलं. "हितं समद्या पोरीच हायेत. बगा अन् न्या."

कोपऱ्यात एक नाजूक बांध्याची, पावडर लावलेली, डोळ्यांना पदर लावून हमसून रडत होती. घाबरलेली, कोवळी, झालं, हीच ती. चौकशीसाठी तिला ठाण्यात आणलं आणि मुकादमाला बोलावलं. तिला पाहून तो असा काही ओंगळ हसला की माझा हात शिवशिवला.

"ये नहीं, साब! ये तो लडकी भी नहीं."

ती झरी गावची निघाली. वीस-एकवीस वर्षांची, एका शेतकऱ्याच्या घरात मुलगा म्हणून जन्मलेली. अम्माच्या घरात तिला छोटी म्हणत. "मला पोरगीच म्हना सायेब," असं तिनं मला सांगितलं होतं, म्हणून मी तसंच लिहितो. आता हिला बसवायचं कुठं? ठाण्यात पुरुषांची बाजू होती, बायकांची होती. छोटीसाठी बाजूच नव्हती. ती आरोपी नव्हतीच, म्हणून माझ्याच खोलीत बाकावर बसवली आणि चहा मागवला.

"रडत का होतीस?"

"मला वाटलं, बापानं धाडलं तुमाला. झरीला नका नेऊ, सायेब. मागल्या टायमाला मला गोठ्यात बांधलं व्हतं. बैलासारखं."

हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मी चहाचा कप खाली ठेवला. तू सज्ञान आहेस, तुला कुणी जबरदस्तीनं नेऊ शकत नाही, हे मी तिला सांगितलं. तिनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मी विचारलं, "ती मुलगी कुठं आहे?"

"तुमी तिला मुकादमाला देणार असाल तर मला म्हाईत न्हाई."

"मी तिला तिच्याच तोंडून विचारीन आणि ती सांगेल तेच लिहीन. याहून जास्त माझ्या हातात नाही."

छोटीनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. उलटतपासणी माझीच चालली होती.

"अम्मानं तिला आपल्या हातानं वाटीतलं दूध पाजलंय," ती म्हणाली. "समद्यांच्या म्होरं. आमच्यात चेला येगळा अन् दूधबेटी येगळी. चेला टाळी वाजवतो, मागायला जातो. दूधबेटीला टाळी वाजवू द्यायची न्हाई. तिला पोटच्या लेकीवानी ठेवायचं, ती म्हनंल तवा, म्हनंल तिथं लगीन लावून द्यायचं. तिला वाऱ्यावर सोडलं तर जमात अम्माला भाईर काढंल. मंग बहिणीचा पत्ता आमी कसा सांगावा, सायेब?"

इतकी वर्षं त्या गल्लीवरून गस्त घातली, पण हा रिवाज माझ्या कानावर आला नव्हता. जी रीत त्या मुलीला धंद्याला लावील असं आम्ही धरून चाललो होतो, तीच तिला राखत होती.

"मग ठेवली कुठं तिला?"

छोटी पहिल्यांदाच हसली. "ठेवायची कशाला? तुमच्या म्होरंच व्हती की! जमादारसायबाला पानी कुणी दिलं?"

 दारात उभे असलेले जमादार माठाकडं गेले आणि दोन ग्लास पाणी प्याले. न रडता घरच्यासारखी पाणी देणारी ती मुलगी असू शकते, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

जबाब घ्यायचा तर भाषेची अडचण. अम्मा दुभाषी म्हणून चालणार नव्हती. उद्या वकिलानं फाडून खाल्लं असतं. आपल्याकडची रेल्वे सिकंदराबादशी जोडलेली, त्यामुळे क्वार्टर्समध्ये तेलुगू कुटुंबं होती. एका पॉइंट्समनची बायको यायला तयार झाली. वर्षानुवर्षं परभणीत राहिलेली, मराठी छान बोलणारी बाई. मुख्यालयातून महिला शिपाई मागवली आणि आम्ही पुन्हा त्या लिंबाखाली बसलो.

मुलगी हळू बोलत होती. मुकादम तिचा कुणी नव्हता. कामाला नेतो म्हणून त्यानं तिला आई-बापाकडून आणलं आणि इथं आल्यावर आपल्या पालात राहायला ये म्हणून मागे लागला. ती नाही म्हणाली, तेव्हा त्यानं मारलं. पेडगावला उभ्या गाडीत ती चढली ती गाडी कुठं जाते हे न विचारता. तिच्या दंडावरचे वळ महिला शिपायानं पाहिले आणि पंचनाम्यात घेतले. हे सगळं चालू असताना अम्मा एका हातानं तिची पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचे डोळे पुसत होती.

मुकादमाला समोर घेतलं. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"भाची तुझी सख्खी. म्हणजे तिची आई तुझी बहीण. नाव काय बहिणीचं?"

त्यानं एक नाव सांगितलं. फिर्यादीत दुसरंच होतं. ते वाचून दाखवल्यावर म्हणाला, "साब, हम तो बचपन से अक्काच बोलते."

सख्ख्या बहिणीचं नाव न सांगता येणारा मामा मी तेवढा एकच पाहिला. फिर्यादीच्या वेळी व्हरांड्यात उभ्या केलेल्या त्या दोन बायकांना मग बोलावून, वेगवेगळं बसवून विचारलं. एकीनं मान वर केली आणि मुलीनं सांगितलं होतं तेच सांगितलं. मुकादम कोठडीत गेला.

तरी प्रश्न उरलाच. सिव्हिल हॉस्पिटलनं मुलगी सज्ञान असल्याचा दाखला दिला, तिला कोर्टात उभं केलं. ज्यांनी तिला मुकादमाच्या हाती दिलं त्या आई-बापाकडं परत जायला ती तयार नव्हती. "अम्माकडं," एवढंच ती म्हणत राहिली. मुकादमाचा वकील उठला. तरुण मुलगी असल्या घरात सुरक्षित राहील का, असं त्यानं विचारलं. कोर्टात खसखस पिकली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी अम्माला पुढं बोलावलं. "तुम्ही हिच्या कोण?"

"माय," अम्मा म्हणाली.

मागे कुणीतरी मोठ्यानं हसलं. साहेबांनी त्याला बाहेर काढलं आणि माझ्याकडं वळून माझं मत विचारलं. मी म्हणालो, "हुजूर, या शहरात तिला पाण्याच्या नळावरून उचलून घरी नेणारं एकच माणूस निघालं. झडतीत त्या घराविरुद्ध मला काही सापडलं नाही." असं म्हणतानाच मला ठाऊक होतं की खात्यातली निम्मी मंडळी पुढं महिनोन्‌महिने मला यावरून चिडवणार होती. त्यांनी चिडवलंही. साहेबांनी मुलीला मर्जीप्रमाणे राहण्याची मोकळीक दिली.

त्यानंतर गाडीतून उतरलेली, वाट चुकलेली, घरी मार खाऊन निघालेली पोर सापडली की शिपाई मला न विचारताच आधी अम्माला निरोप धाडू लागले. छोटी तिथंच शिवणयंत्रावर बसली. तिची आई पोखर्णीच्या नरसिंहाला जाते असं घरी सांगून निघे आणि लेकीला भेटून, जमलं तरच नरसिंहाला जाई.

मुलगी जिनिंगमध्ये कामाला जाऊ लागली. दुभाषी म्हणून आलेल्या त्या बाईचं अम्माकडं जाणं-येणं वाढलं आणि पुढं तिनं आपल्या मुलासाठी, जो पूर्ण्याला रेल्वेतच होता, या मुलीला मागणी घातली. मुलगी हो म्हणाली, तेव्हाच अम्मानं हो म्हटलं. लग्न झालं. पाठवणीला जमादार आणि मी मुलीकडचे म्हणून स्टेशनवर गेलो होतो.

सासरची माणसं डब्यापाशी उभी होती. अम्मा मात्र प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला, खांबाआड. ज्या गाडीत ती रोज टाळ्या वाजवत फिरे, त्या गाडीसमोर डोक्यावर पदर घेऊन गप्प उभी. लेकीला चार लोकांत कमीपणा येऊ नये म्हणून. मी खूण केली, तिनं मानेनंच नको म्हटलं.

पोलिसाला ताबा कुणाचा, हे विचारायची सवय असते. नातं कागदावरून ठरवायचं आणि माणूस त्या नातलगाच्या हवाली करायचं. माणूस कुणापाशी निर्धास्त झोपतं, हे आधी विचारावं, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो आणि पुढच्या नोकरीत जमेल तसं पाळलं. पण ते मला नीट कळलं ते कोर्टात नाही, त्या प्लॅटफॉर्मवर.

गाडीनं शिट्टी दिली. मुलगी डब्यात चढली नव्हती. ती खांबाकडं बघत होती. तिच्या सासूनं ते पाहिलं, हातातली पिशवी मुलाकडं दिली, आणि सगळ्या स्टेशनादेखत चालत चालत टोकापर्यंत गेली.

"विहीणबाई," तिनं अम्माचा हात धरला, "लेक जायलीय अन् तुमी इतक्या लांब का उभ्या?"