दम सोडल्याबिगर

आई अंकुशनगरच्या कारखान्यासाठी ऊस तोडायची. आमचं घर म्हणजे उसाच्या फडाच्या कडेची, वाळक्या पाचटाची कोपी. त्या कोपीतून निघून मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली, आणि पुण्याच्या एका स्टुडिओत सिनेमातले आवाज कापायला-जोडायला शिकू लागले. तोवर आई गेली होती. तिचा एक फोटो होता, आवाज मात्र कुठंच नव्हता.

एका सिनेमात ऊसतोडीचा प्रसंग होता. शूटिंगच्या आवाजात जनरेटरची घरघर शिरली होती, म्हणून नवा आवाज आणायला मी रेकॉर्डर घेऊन अंकुशनगरलाच गेले. फडातल्या एका मावशींनी बांगड्यांवर चिंधी गुंडाळली, आई गुंडाळायची तशीच, आणि कोयता उचलला. प्रत्येक घावाला त्या "हं" करत.

"मावशी, तेवढं हं नका करू. नुसता कोयता पाहिजे."

त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "दम सोडल्याबिगर कोयता पडतच न्हाई, पोरी. तुझ्या मशीनला म्हणावं, कान झाकून घे." आणि पुन्हा वाकल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्टुडिओत शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक "हं" कापून काढला. पडद्यावर ऊस पडत होता, पण ऐकताना तोडणारं कुणी आहे असं वाटत नव्हतं. मग एकेक "हं" परत जागेवर बसवला. डोळे मिटून ऐकलं, तर लहानपणी कोपीत बसून तिचा दम ऐकू यायचा, तशीच आई फडात होती.

सिनेमा अंकुशनगरच्याच जिल्ह्यात, जालन्याला लागला. मावशींचा दम त्यात तसाच होता, आणि शेवटच्या नावांमध्ये ध्वनिसंकलनासमोर माझं नाव होतं.