बंब ढिला हवा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. उजव्या डोळ्यावरचं भिंग त्या फक्त जेवताना काढत, आणि भाजी शेजारणीकडून आली असेल तर तेव्हाही नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. भिंगबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या.

पुढे काउंटरवर त्यांचे यजमान बसायचे. त्यांचा स्वभाव नेमका उलटा. गिऱ्हाईकाने पश्चिमेला पूर्व म्हटलं, तर हे गृहस्थ सूर्याला चुकीचं ठरवून मोकळे व्हायचे. चष्मे ते विकत आणि मोडलेल्या काड्या मागच्या खोलीत पाठवत.

चष्म्याची काडी जिथे दुमडते तिथला सांधा आणि खेळण्यातल्या रोबोचा गुडघा ही सख्खी भावंडं. एकदा एका हौशी माणसाने मोडलेला रोबो आणला, तो भिंगबाईंनी उभा केला, आणि मग गाडीचा माणूस होणारी, विमानाचा राक्षस होणारी जुनी खेळणी जमवणारी सगळी मंडळी त्या खोलीत लोटली. खेळणी म्हणायची सोय नव्हती बरं का. त्यांच्या किमती ऐकून यजमानांचा चहा थंड व्हायचा.

त्यातल्याच एका गृहस्थाने बाईंचं तोंड पोळलं. स्वतःच रोबोचा अस्सल हात काढून नकली बसवला आणि दुकानात येऊन ओरडला की बाईंनी हात बदलला. चोराच्या उलट्या बोंबा! पण पुरावा काय? तेव्हापासून बाई आत येणाऱ्या प्रत्येक खेळण्याच्या भागांना आतून लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊ लागल्या. उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी.

एका दुपारी एक बसचालक गणवेशातच आला. डब्याच्या पिशवीतून त्याने टॉवेलात गुंडाळलेला आगीचा बंब काढला. लाल, जुना, शिडीसकट. पाय ओढून खाली घेतले की बंबाचा रोबो व्हायचा.

"सांधे ढिले करून हवेत," तो म्हणाला.

"घट्ट म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही बाई, ढिले. नुसतं बोट लावलं तरी वळले पाहिजेत."

भिंगबाईंनी भिंग नीट बसवलं आणि बंबाऐवजी चालकाकडे पाहिलं. आजवर जो आला तो घट्ट करा म्हणत आला. कपाटात रोबो ताठ उभा राहिला तर त्याला मोल. ढिला मागणारा माणूस म्हणजे मुद्दाम धुरकट काच मागणारा.

"बंब तुमचाच का?"

"भावाचा आहे."

"त्यांना ठाऊक आहे?"

"नाही. आणि कळूही द्यायचं नाहीये."

झालं! मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. इथे पालीचं अख्खं कुटुंब चुकचुकलं. चालक गेल्यावर बाईंनी यजमानांना सगळा डाव उलगडून सांगितला. हा बंब ढिला करणार, 'दादा, तुझं खेळणं झिजलं रे' म्हणत चार दमड्यांत पदरात पाडून घेणार, आणि मग घट्ट करून चढ्या भावात विकणार.

"अगं, का हवाय ते विचार ना त्याला," यजमान म्हणाले.

"विचारल्यावर खरं सांगेल होय?"

त्यांनी विचारलं नाही. बंब उघडला. शिडी कधीतरी मोडलेली होती, आणि कुणीतरी ती डिंकाने चिकटवली होती, तीही लहान पोराच्या हाताने. बाईंनी ठिपके दिले. शिडी तेवढी ढिली केली, कारण ती वरच असल्याने चालक दुकानात तीच हलवून बघणार. गुडघ्यांच्या पिनांना मात्र बिनरंगी नेलपॉलिश चढवून ते होते त्याहून घट्ट केले. बसू दे आता हात चोळत, असं म्हणून त्या फार खूश झाल्या.

चालकाने खरंच शिडीच हलवून पाहिली आणि दोन्ही हात जोडले. फार वाकणाऱ्याच्या खिशात काहीतरी असतं, असं बाईंचं मत होतं. ते आणखी पक्कं झालं.

काही दिवसांनी तो परत आला. भांडायला आला असेल म्हणून बाई पदर खोचून उठल्या, पण त्याचा चेहरा भांडणाचा नव्हता.

"बाई, पाय वळत नाहीत हो. दादाला जमलं नाही."

मग सगळं बाहेर पडलं. दादाला पक्षाघाताचा झटका आला होता. उजव्या हाताची बोटं हलवत राहिलं तरच हात परत येईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रबरी चेंडू दिला तर तो भिरकावून द्यायचा, मी काय तान्हं बाळ आहे, म्हणायचा. हात लावला असता तर फक्त या बंबाला. लहानपणापासूनचा जीव होता त्याच्यावर, भावालासुद्धा शिवू द्यायचा नाही.

"म्हणून गुपचूप आणला. त्याला वाटावं, आपल्याच बोटांनी जमलं," चालक म्हणाला. "काल त्याने किती जोर लावला! मग भिंतीकडे तोंड केलं. म्हणाला, विकून टाक हा, माझा हात मेला. कालपासून जेवला नाहीये."

भिंगबाईंना लाज वाटली. नुसती लाज नाही, स्वतःचाच राग आला.

"मी घरी येते," त्या म्हणाल्या. "चष्मा नाकावर बसवून बघावा लागतो, तसा सांधा हातावर."

यजमान काउंटरवरून उठून आले. त्यांनी बाईंची हत्यारांची पिशवी तेवढी हातात दिली.

खिडकीलगतच्या पलंगावर दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बंब साफ करायला बाई आल्यात, असं चालकाने सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या आणि छोट्या हातोडीने पिन ठोकून काढू लागल्या. टकटक ऐकून दादा हळूहळू वळला.

"उलटी... ठोकू नका," तो जड जिभेने म्हणाला. "फुटेल."

"खाचेच्या बाजूनेच काढतेय."

"दाखवा."

भिंगबाईंनी पिन दाखवली. त्याने ती डोळे बारीक करून उलटसुलट पाहिली. ती नजर बाईंच्या ओळखीची होती; आरशातली होती. मग त्याने उघडा पाय जवळ ओढला.

"हा ठिपका? आधी नव्हता. मी... उघडून बघितलाय. पाय बदललात?"

चालक बाईंकडे केविलवाणं बघू लागला. खरं सांगावं तर त्याचं गुपित फुटणार, न सांगावं तर दादाचा हात मेलेलाच राहणार. बाईंनी भिंग काढून मांडीवर ठेवलं.

"पाय तुमचाच आहे, ठिपका माझा. हे तुमच्यासाठी सांधे ढिले करायला सांगत होते. मला वाटलं, हे तुम्हाला फसवतायत, म्हणून मी उलट घट्ट केले. काल वळले नाहीत ते माझ्या संशयामुळे. तुमच्या बोटांचा काही दोष नव्हता."

दादाने भावाकडे पाहिलं.

"ह्याच्यावर संशय?" त्याच्या ओठाची एक बाजू वर गेली. "मला तर... लहानपणापासून आहे. शिडी ह्यानेच मोडली."

"दादा, अरे ती मांजराने..."

"मांजर डिंक लावतं?"

चालक आधी लाल झाला, मग हसता हसता डोळे पुसू लागला. बाईंनी पिनांवरचं नेलपॉलिश पुसलं, बारीक कागदाने घासलं, बंब जोडून पलंगावर ठेवला. दादाने उजवा हात डाव्या हाताने उचलून त्यावर आणला. बोट घसरलं. पुन्हा लावलं. गुडघा वळला.

दादाने दुसराही गुडघा वळवला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"फार ढिलाय," तो म्हणाला. "असा तर पोरासोरांना देतात. थोडा घट्ट करा."

"किती?"

"मला... जोर लावावा लागेल एवढा."

भिंगबाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि बिनरंगी नेलपॉलिशची बाटली उघडली.

"थांबा," दादा म्हणाला. "मला दिसेल असं करा."

त्यांनी स्टूल पलंगाजवळ सरकवलं.