दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

माझ्या मेहुण्याइतका दुसऱ्याच्या धंद्याची काळजी वाहणारा माणूस ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत झाला नाही आणि होणार नाही. माझं शिक्षण चौथी, तीही ढकलत ढकलत, त्यामुळे मी लिहितो ते वेडंवाकडं असेल, पण खोटं नसेल. तोंडावर बोलायची खोड मला जन्माची आहे. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोसमोर माझं पंक्चरचं दुकान आणि शहाडला एका कंपनीत हा मेहुणा कामाला. आमच्या हिचा सगळ्यात धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला कडेवर वाढवलेला, तो हिला बाय म्हणायचा. आमच्या लग्नात तो हिचा पदर धरून मांडवात उभा, भटजी त्याला बाजूला करतायत आणि तो परत येतोय. सासऱ्याने मला भांडी दिली नाहीत, हा दिला.

तर तेव्हा टीव्हीवर लांब केसांचा एक गाणारा नवा आलेला. सिनेमातला नव्हे, स्वतःच्या नावाची कॅसेट काढणारा. पॉप म्हणायचे त्याला. कॅसेटीत आठ गाणी, या बाजूला चार, त्या बाजूला चार. त्यातल्या पहिल्या गाण्याची फिल्म टीव्हीवर सारखी लागायची. त्यात तो भर उन्हात लोकरीचा कोट घालून वाळूत पळायचा. का पळायचा ते मला आजवर कळलेलं नाही. ते गाणं जुनं झालं की कॅसेटची कंपनी उरलेल्यातलं एखादं उचलून त्याची फिल्म काढणार, हे सगळ्यांना माहीत होतं. कुठलं काढायचं ते कंपनी ठरवणार होती. माझ्या मेहुण्याला हे मान्य नव्हतं.

त्याचं म्हणणं, दुसऱ्या बाजूचं चौथं. अगदी संथ गाणं. त्यात गाणारा कुणाची तरी वाट बघत बसतो आणि गाणं संपतं तरी ती येत नाही. मी म्हटलं, "अरे, हे ऐकून माणूस झोपेल." तो म्हणाला, "भावोजी, कंपनी मुद्दाम ते शेवटी टाकते. चांगला मासा टोपलीत वर कोणी ठेवत नाही." हिचं माहेर कोळ्यांचं, खाडीत जाळी टाकणारं, त्यामुळे याची सगळी उदाहरणं माशांची. मी म्हटलं, "वरच ठेवतात. तळाला नासका असतो." त्यानंतर कितीतरी रविवार तो आमच्याकडे जेवला नाही. म्हणजे यायचा, पण घरून डबा आणायचा आणि आमच्याच पाटावर बसून, आमच्याकडे पाठ करून खायचा. ही त्याच्या डब्यात गुपचूप आमची आमटी ओतायची.

रविवारी सकाळी कल्याणला स्टेशनबाहेरच्या कॅसेटच्या दुकानात यांची सभा भरायची. याच्या विरुद्ध पार्टीचा पुढारी डोंबिवलीचा एक क्लासवाला, मुलांना गणित शिकवणारा. त्याचा पक्ष पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याचा. ते गाणं ठेक्याचं, ढोलकीचं. मी एकदा टायरचं सामान आणायला कल्याणला गेलेलो तेव्हा ही सभा ऐकली.

"लोकांना काय लागतं? ठेका," क्लासवाला म्हणाला.

"मग सर, वरातीत जावा ना. इथे कशाला येता?" मेहुणा म्हणाला.

"तुमचं चौथं हळदीत वाजवून दाखवा. चार माणसं नाचली तर मी ही कॅसेट खातो."

"टेपसकट?"

"टेपसकट."

"आधी विकत घ्या, मग खा," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला ऐकवून ऐकवून माझी झिजली."

दुसऱ्या कुणाच्या हळदीत आपलं गाणं कोण वाजवू देणार? म्हणून लग्नाचं नाव काढलं की पळणारा हा माणूस मुली बघायला तयार झाला. टिटवाळ्याला एक स्थळ होतं. पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं मुलीला स्वयंपाकाचं विचारून गप्प बसली, आणि याने विचारलं, "टीव्हीवर आता कुठलं गाणं यावं असं तुम्हाला वाटतं?" मुलगी म्हणाली, "कुठल्या कॅसेटीतलं?" याने खिशातून कॅसेट काढून तिच्यापुढे ठेवली. म्हणाला, "घाई नाही. ऐकून सांगा." आणि आम्ही उठलो. तिच्या बापाला वाटलं, नवरामुलगा कॅसेट ठेवून गेला, म्हणजे लग्नात टेपरेकॉर्डर मागतोय. त्याने निरोप धाडला की आम्हाला जमणार नाही. शेवटी ही एकटी टिटवाळ्याला गेली. "तो मागत काही नाही, फक्त येडा आहे," एवढंच सांगून आली, आणि तेवढ्यावर लग्न ठरलं. मुलीने उत्तर काय दिलं ते ना त्याने सांगितलं, ना तिने.

आमच्यात हळदीला सगळं गाव नाचतं. नाच रंगला नाही तर त्या घराला लोक वर्षभर बोलून दाखवतात. नवऱ्याला मात्र हळद लागली की पाटावरून उठायचं नसतं. संध्याकाळी मांडवात बँजो पार्टी जोरात सुरू झालेली, म्हाताऱ्यासुद्धा नाचत होत्या. क्लासवाला डोंबिवलीहून खास येऊन पुढच्या खुर्चीत बसलेला. पिवळ्या पडलेल्या मेहुण्याने पाटावरून हात वर केला आणि पार्टीने चौथं गाणं धरलं.

गाव थांबलं. नाचणारे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकेक जण पंखा शोधत खुर्चीत जाऊन बसला. हिचा चुलता कानामागे हात धरून म्हणाला, "कोण गेलं रे?" क्लासवाल्याने हाताची घडी घातली. मेहुण्याच्या तोंडाला हळद होती म्हणून रंग दिसला नाही, पण कान लाल झालेले मी बघितले. उठता येईना त्याला. भरल्या मांडवात स्वतःच्या हळदीत तो एकटा पडला.

ही हळदीची वाटी घेऊन त्याच्या मागे उभी होती. तिने वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि मांडवाच्या मधोमध गेली. मी तिला कधी नाचताना बघितलेली नव्हती. रडकं पोर कडेवर घेऊन झोपवतात ना, तशी त्या गाण्यावर हळूहळू डुलत फिरायला लागली. थोड्या वेळाने तिची मावशी उठली, मग दोघी जावा उठल्या, मग बाया येतच गेल्या. पार्टीने ते गाणं परत वाजवलं. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत मेहुण्याने क्लासवाल्याच्या पानात स्वतःच्या हाताने कॅसेट वाढली. क्लासवाल्याने ती डाव्या बाजूला सरकवली आणि भात मागितला.

घरी येताना एसटीत हिचे पाय सुजलेले. मी म्हटलं, "एवढं आवडतं तुला ते गाणं?"

"छे हो. रडगाणं मेलं. मला त्या मास्तरांचं आवडतं, ठेक्याचं. ते लागलं असतं ना, तर मला कोण थांबवतं ते बघितलं असतं." मग म्हणाली, "त्याला सांगू नका."

पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पण मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

कंपनीने शेवटी पहिल्या बाजूचं तिसरं काढलं. त्याच्या बाजूने कल्याणात कोणीही नव्हतं. मेहुणा आणि क्लासवाला एका बाकड्यावर बसून सुतकातल्यासारखा बिनदुधाचा चहा प्यायले आणि त्या दिवसापासून दोस्त झाले. पुढे तो गाणारा कुठे गेला कोण जाणे. दुकानदाराने आता कॅसेटींच्या जागी सीड्या लावल्यात.

ही यंदा दिवाळीच्या आधी गेली. पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात चालत गेलेली, परत आणली ती चौघांनी. तेरावा झाला, माणसं पांगली. मेहुणा तेवढा रविवारी येत राहिला. यायचा, तिच्या पाटाकडे बघत बसायचा. त्या गाणाऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. मग एका रविवारी त्याने खिशातून तीच कॅसेट काढली आणि आमच्या टेपमध्ये चौथं गाणं लावलं. गाणं संपलं.

"भावोजी," तो म्हणाला, "तुम्ही कुणाच्या भिडेने बोलत नाही. खरं सांगा. बायला हे आवडायचं, की नुसती माझ्यासाठी नाचली?"

मी म्हटलं, "हेच आवडायचं. दुसऱ्या बाजूचं चौथं. भाकऱ्या थापताना गुणगुणायची."

भाकऱ्यांचं मी जास्तीचं घातलं. सवय नसली की प्रमाण कळत नाही.

तो खूप वेळ रडला. मग जेवला, आमटी दोनदा मागितली आणि शहाडला गेला. कॅसेट टेपमध्येच राहिली. मी ती उलटी करून लावली आणि पहिलं गाणं जाऊ दिलं. दुसरं आलं. ठेका चांगला आहे, मास्तर म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. मी उठलो, खोलीच्या मधली खुर्ची भिंतीला लावली आणि गाणं संपेपर्यंत दारापाशी उभा राहिलो. तेवढी जागा तिला पुरली असती.