थंडीच्या मशीनचा राखणदार

दत्ताराम मालवणजवळच्या मसुऱ्याचा. शेजारच्या विहिरीवरचा रहाट करकरला तरी हा तेलाची बाटली घेऊन धावायचा. स्वतःच्या घराचं दार मात्र लग्नाआधीपासून रडत होतं. मुंबईला एका बर्फाच्या कारखान्यात त्याने बरीच वर्षं काढली. बायको आनंदी इकडे सासूपाशी. नवरा दिसायचा तो चतुर्थीला. त्याला आमटी तिखट आवडते की बेताची, हे तिला आठवेपर्यंत तो परत मुंबईची वाट धरायचा.

गोवा मोकळा झाला तसं मालवणच्या भाईशेटने पणजीला मासळी न्यायला लाँच घेतली. तिच्या पोटात एक थंड खोली आणि ती थंड ठेवणारं मशीन. असलं काही तेव्हा बंदरात कुणी पाहिलेलं नव्हतं. मशीन सांभाळायला दत्तारामाला बोलावणं गेलं. तो ट्रंक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आनंदीने आधी देवीची ओटी भरली आणि मग त्याला पाणी दिलं.

पण भाईशेट म्हणजे पक्का व्यापारी. म्हणाला, "दत्ताराम, पयल्याच खेपेक म्हावरा नासला, तर मशीन काढून टाकतलंय. माझे बर्फाचे पेटये बरे. मगे तू आपलो मुंबैक."

"नासाचा नाय," दत्ताराम म्हणाला. एवढंच.

मशीनचं काम कसं, तर त्यात वायू दाबायचा, आणि दाबला की तो तापतो. त्याला निववायला समुद्राचंच पाणी नळीने वर ओढून घ्यायचं. पाणी कमी पडलं की आतला दाब चढत जातो. फार चढला, तर बाजूची कटाऊट नावाची डबी आपसूक मशीन थांबवते आणि तिच्यावरचं लाल बटण टपकन वर येतं. दत्ताराम तिला राखणदार म्हणायचा. "वेशीवरचो राखणदार कसो, दिसना नाय, पण वायट काय येताना दिसला की आडवो पडता." ही श्रद्धा त्याला फुकट मिळालेली नव्हती. कारखान्यात त्याचा सोबती हरिश्चंद्र होता. कटाऊट सारखा आडवा येतो म्हणून त्याने तो तारेने बांधून टाकला. मशीनचं डोकं फुटलं आणि हरिश्चंद्राचा एक कान कायमचा गेला.

नारळी पौर्णिमेला सगळं बंदर पाण्याकाठी लोटलं. नारळ पडले, फुलं पडली. आनंदीने अबोलीची लांबलचक वळेसर केळीच्या दोरात गुंफून आणली होती. इतरांनी फुलं लांब भिरकावली. हिने मात्र, आत दत्ताराम मशीन चालवून बघत असताना, लाँचच्या कुशीला अगदी चिकटून सोडली. "दर्यादेवा, ह्येंच्या मशीनाक सांभाळ," असं हळूच म्हणाली. नवऱ्याला घरी ठेव, हे देवाला न सांगता कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तारामाने मशीन सुरू केलं, खोली गार केली, सुरमई आणि कोळंबी भरली. लाँच निघाली. भाईशेट जातीने बरोबर. निवतीचा दीपस्तंभ दिसू लागला आणि मशीन गप्प झालं.

दत्तारामाने बटण दाबून बघितलं. मशीन जरा घुरघुरलं, परत गप्प.

"रुसला रे तुझा मशीन!" सुकाणूवरून तांडेल परशुराम ओरडला. "बांध ती कळ सुंभान आणि चलव. पणजी गाठूची आसा."

"बांध, बांध," भाईशेट म्हणाला. "म्हावरा वास मारूक लागला, तर तू थयसूनच मुंबैची बोट धर."

दत्तारामाला घर दिसलं, दारातली आनंदी दिसली. पण आवाज हलला नाही. "भाई, ह्या बंद पडाक नाय. थांबला हा. कळ बांधलंय तर मातर बंद पडात, ता कायमचा. थंड खोलीचा दार कोणी उघडू नकात. आतली थंडी तितको दम धरतली."

"आणि नाय धरल्यान तर?"

"तर मी मुंबैक जातंय. तुमी तुमचे पेटये काढा."

तो खाली उतरला. पाण्याची तोटी बंद केली आणि नळीवरची जाळी उघडली. जाळी अबोलीने गच्च भरलेली होती. केळीच्या दोराला प्रत्येक वेढ्यावर दुहेरी गाठ. तशी गाठ मारणारी मसुऱ्यात एकच बाई होती. दत्ताराम खाली बसून एकटाच हसला. वर भाईशेटला वाटलं, गडी कामातून गेला.

जाळी धुतली, तोटी उघडली, बटण दाबलं. मशीन जे सुरू झालं, ते पणजीपर्यंत. धक्क्यावर भाईशेटने एक सुरमई उचलून नाकाला लावली, डोळ्याला लावली, आणि म्हणाला, "मशीन ऱ्हवांदे."

घरी आल्यावर दत्तारामाने चिंधी झालेली वळेसर आनंदीपुढे ठेवली. "वळाक बगया."

"माझी! खंय गावली?"

"मशीनच्या घशात."

सगळी हकिकत ऐकून दुसरी एखादी लाजली असती. आनंदी म्हणाली, "मगे? मशीन सांभाळ म्हणान देवाक सांगलंय. तुमचो राखणदार जागो आसा काय निजलो, ता देवान आधी बघून घेतल्यान."

पुढल्या पौर्णिमेपासून आनंदी फुलांची परडी घेऊन धक्क्यावर सगळ्यांच्या आधी उभी राहायची. "मशीनी बंद करा रे! मगेच फुला सोडतंय!" आणि सगळ्यांत आधी परशुराम वरून हाळी द्यायचा, "केली गो वहिनी, केली!"

दत्ताराम परत मुंबईला गेला नाही. घरचं दार मात्र तसंच करकरत राहिलं. आनंदी म्हणायची, ऱ्हवांदे, ह्ये घरी इल्याचा कळता.