कुत्र्याची सोयरीक

सत्तर-पंचाहत्तर सालच्या सुमारास आष्ट्याच्या बाजारात जतकडचा एक धनगर घोंगडी विकायला बसायचा. त्याची खरी ख्याती मात्र कुत्र्यांची. मेंढ्या राखायला पिल्लू घ्यायचं तर लोक आधी त्याला दाखवत. तो तोंडाकडे बघायचाच नाही. पिल्लाला पुढे चालवायचा, मागून निरखायचा आणि सोयरीक जुळवणाऱ्यासारखी नाती सांगायचा. "कान आज्ज्याचं, छाती मामाची. चुलता मातूर लय चोर हुता बगा!"

मी तिथल्या शाळेत मास्तर. पाचगणीच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दिलेलं पिल्लू मी अस्सल अल्सेशियन म्हणून गावभर मिरवत होतो. तेही एकदा त्याच्यापुढे सोडलं. भोवती माणसं जमली. त्याने मागून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुर्जी, आई सायबाची हाय, पर बाप आमच्यातलाच."

"चारचौघांत नको," मी पुटपुटलो.

तो माझ्यापासून मागे सरला. मग मोठ्याने म्हणाला, "अस्सल हाय!"

पिल्लू वाढलं. कान पडलेलेच राहिले, शेपटी गावठी कुत्र्यासारखी पाठीवर वळली. लोक धनगराला टोचू लागले, "म्हाताऱ्या, आता नुसती घोंगडीच इक. तुजं डोळं गेलं!" मेंढक्यांनी पिल्लं आणणं बंद केलं. एकदा हे चाललेलं असताना मी समोरच उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "व्हय गड्या, चुकली नजर," एवढंच बोलला आणि घोंगड्याची घडी घालत राहिला.

त्याची नजर चुकली नव्हती. हे मी तिथेच सांगायला हवं होतं. शाळेची वेळ झाली म्हणून मी निघून आलो.