गोदामाची शेवटची लेव्हल

कॉम्प्युटर बंद ठेवून कॉम्प्युटर गेम खेळणारा अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर, आमचे गुहागरचे आतोबा. आयुष्यभर मालवाहू बोटीवर होते, निवृत्त होताना एक जुना कॉम्प्युटर घेऊन आले. त्यात एकच गेम होता, गोदामाचा. एक छोटा माणूस आणि खूप खोकी, ती ढकलत ढकलत खुणेच्या जागेवर न्यायची. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. खोकं कोपऱ्यात गेलं की गेलं, परत पहिल्यापासून. मे महिन्यात मी गुहागरला जायचे ती समुद्रासाठी असं सगळ्यांना वाटायचं. समुद्र काय, रत्नागिरीतही होता. मी ह्या गेमसाठी जायचे.

पण आतोबा लगेच हात लावू द्यायचे नाहीत. "आधी माल कसा लावायचा ते ठरव, मग क्रेन हलव." मग ओटीवरच्या फरशीवर खडूने गोदाम काढायचं, खोकी म्हणून बागेतल्या सुपाऱ्या मांडायच्या आणि आम्ही दोघं उकिडवे बसून त्या बोटाने ढकलायचो. फरशीवर लेव्हल सुटली की मगच कॉम्प्युटर चालू. पाहुण्यांनी गोदाम ओलांडून यायचं. पोस्टमनला तर इतकी सवय झाली होती की तो आपणहून भिंतीला चिकटून यायचा. एकदा सत्यनारायणाला आत्याला सुपाऱ्या कमी पडल्या, तिने सरळ गोदामातल्या उचलल्या.

"अगो, तेविसावी लेव्हल होती ती," आतोबा कळवळले.

"देवाला लागतात. तुमची लेव्हल काय पळून जात नाही," आत्या म्हणाली.

आतोबा सोवळं नेसून पाटावर बसले, पण नजर चौरंगावरच्या सुपाऱ्यांवर. बघता बघता त्यांना उत्तर दिसलं आणि भर पूजेत ते गुरुजींना म्हणाले, "ती कडेची आधी जरा उजवीकडे घ्या."

"यजमान, तो गणपती आहे," गुरुजी म्हणाले. "त्याला ढकलत नाहीत."

मी इतकी हसले की आत्याने मला प्रसाद सगळ्यात शेवटी दिला.

असं करत आम्ही सगळ्या लेव्हल सोडवल्या, फक्त शेवटची राहिली. ती सुटायच्या आधीच खारी हवा लागून कॉम्प्युटर गेला. आतोबांनी फरशीवरचा तिचा नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून ठेवला. मी कॉलेजला गेले, मग रत्नागिरीजवळच मिरजोळ्याला नोकरी लागली, आणि मे महिन्याच्या सुट्ट्याच संपल्या.

गेल्या महिन्यात तोच गेम मला फोनवर सापडला. तोच टुकटुक आवाज. मी वेड्यासारखी खेळत सुटले आणि एक दिवस ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा टाकून, शेवटची लेव्हल सोडवली. दोन मिनिटं नाचावंसं वाटलं, आणि मग एकदम रिकामं रिकामं. शेजारच्या टेबलावर कुणाला सांगणार होते? रविवारी पहिली एसटी पकडून गुहागर गाठलं.

आतोबा ओटीवरच्या बाकावर बसले होते. हात आता थरथरतात, चष्मा जाड झालाय. मांडीवर ते कॅलेंडर, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. मी फोन काढणार तोच म्हणाले, "काय गो, दोनच खोकी राहिलीत बघ. रोज सकाळी तासभर बसतो. तू सोडवली नाहीस ना परस्पर?"

भर समुद्रात वादळं बघितलेला हा माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर एवढी धास्ती मी कधी बघितली नव्हती.

फोन पर्समध्येच राहू दिला. "कुठलं हो," म्हटलं, "एकटीला मला कुठे सुटतेय."

"मग बस की," म्हणाले, आणि सरकून त्यांनी मला जागा करून दिली.