शेजारच्या खाटेवरचा प्रतिवादी

सासऱ्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मी त्यांना घोटावड्याहून शहराकडच्या दवाखान्यात डायलिसिसला नेते. नवरा कंपनीत पाळीवर, म्हणून गाडी माझ्याकडे. आबांना आत मशीनला जोडलं की मी चार तास बाहेरच्या बाकावर. फोनवर सगळे विचारायचे, "आबा कसे आहेत?" सांगून सांगून माझं तोंड दुखायचं. बाकी सुरुवातीचे काही महिने तिथे कुणाशी धड बोलणं नव्हतं.

एके दिवशी आबांच्या शेजारच्या खाटेवर नवा पेशंट आला. आबांनी मान वळवून पाहिलं आणि ओरडले, "शिष्टर, माझी खाट बदला!"

ते होते आमच्याच गावचे, आमच्या बांधाला बांध असलेले शेजारी. बांधावरच्या बाभळीवरून आबांनी त्यांच्यावर दावा लावलेला, तो माझ्या लग्नाआधीपासून पौडच्या कोर्टात चालू. दोन्ही घरांत बोलणं बंद. मी लग्न होऊन आले तेव्हा दागिन्यांच्या पाठोपाठ ही माहिती माझ्या हवाली झाली होती.

खाट बदलली नाही. दोघांच्या हातात सुया, उठायची सोय नाही. शेवटी त्यांनी केरळच्या नर्सला मध्ये घातलं.

"त्याला सांगा, बाभळ आमची हाय."

"आजोबा बोलते, बाभळ त्याची."

"त्याला म्हनावं, माझ्या बापानं तिला ल्हानाची मोठी केली!"

नर्स कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "या वयात बाईसाठी भांडते? कुठे आहे ती आता?"

"बांधावर," आबा म्हणाले.

"एकटी?"

आधी शेजारी हसले, मग आबा. सुई टोचलेले हात हलले तशा दोन्ही मशीन ठणाणा वाजायला लागल्या. काचेतून मला दोन म्हातारे गदागदा हलताना दिसले. मला वाटलं, झटका आला. मी धावले आणि दाराशी शेजाऱ्यांच्या बायकोवर आपटले.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं. मी लग्न होऊन आल्यापासून दोन घरांतलं ते पहिलं बोलणं.

सगळं ठीक आहे कळल्यावर आम्ही बाकावर बसलो. काकूंनी भाकरी सोडली. "आन् तू? तू जेवलीस का?"

मला एकदम रडू फुटलं. काकूंनी समजूत काढली नाही. "रडून घे. तुझी पिशवी मी धरते," म्हणाल्या.

तेव्हापासून काका-काकू दोघंही आमच्या गाडीतून यायला लागली. आबांची एकच अट होती, गाडीत केसचा विषय न्हाई. मला ताप आला तेव्हा काकूंनी रिक्षा करून दोघा म्हाताऱ्यांना नेलं, आणि येताना माझ्यासाठी पेज केली.

मग कोर्टाची तारीख आली. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीतून उतरलेले पाहून आमचे वकील चक्रावले.

"आबा, त्यांच्याबरोबर आलात?"

"मग काय, त्यानं यष्टीनं यावं? त्याच्या अंगात ताकद हाय का?"

"मग मिटवूनच टाकू ना."

"मिटवायचं कशाला?" दोघंही एकदमच खेकसले. केस चालूच राहिली.

पावसाळ्याच्या शेवटी शेजाऱ्यांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात ठेवलं. नर्स त्यांच्या खाटेवर दुसरा पेशंट घेऊन आली, तर आबांनी हात आडवा केला. "तितं माझा प्रतिवादी हाय." नर्सने समजावलं, मीही समजावलं. आबा चार तास तिकडे पाठ करून पडून राहिले. ते आठ-दहा दिवस मी डबा दोघींचा नेत होते. काकू जिन्यात बसायच्या, मी त्यांच्या शेजारी.

शेजारी घरी आले ते निम्मे होऊन. आबा पहिल्यांदाच त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेले, खुर्चीवर बसले, ताप किती आहे विचारलं. निघताना म्हणाले, "फुडच्या म्हयन्यात तारीख हाय. त्याच्या आत बरा हो."

"व्हय," म्हणून शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, गाडी किती वाजता काढनार?"